हिरवी शाई निवडताना

भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या षट्कर्मांत मसि, म्हणजे लेखनकर्म, वाणिज्याच्याही आधी येते. पिंपळे सौदागरच्या तर नावातच व्यापारी आहे. येथील पेढ्यांचे हिशेब आता संगणकावर गेले. तरी चलन, व्हाउचर आणि करारपत्र यांवरची सही अजून कागदावरच होते. अशा सहीसाठी अनेकांना हिरवी शाई रुबाबदार वाटते. मात्र तिची निवड केवळ डोळ्यांना भावली म्हणून करू नये.

हिरव्या शाईला प्रतिष्ठा मिळाली ती सरकारी दफ्तरांतून. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीनुसार मूळ मसुदा काळ्या वा निळ्या शाईत लिहावयाचा असतो. वरिष्ठांची दुरुस्ती वेगळी ओळखू यावी म्हणून ती हिरव्या वा लाल शाईत होते. याचा अर्थ, हिरवा रंग लिहिणाऱ्याचा नसून तपासणाऱ्याचा आहे. पेढीवरही हाच विवेक उपयोगी पडतो: नोंद निळ्या-काळ्या शाईत, पडताळणीची खूण हिरव्या शाईत. धनादेशाची प्रतिमा काढली जात असल्याने तेथे गडद शाईच वापरावी.

महाराष्ट्राला शाईचा व्यवसाय नवा नाही. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईच्या गिरगावात ‘हॉर्स’ छापाच्या शाईच्या पुड्या व गोळ्या बनविण्यास आरंभ केला. तोच उद्योग पुढे ‘कॅम्लिन’ म्हणून घराघरांत पोहोचला. आज देशी शायांबरोबर परदेशी शायाही मिळतात. जर्मनीच्या ‘पेलिकन’च्या 4001 मालिकेत ‘ब्रिलियंट ग्रीन’ ही उजळ, तर ‘डार्क ग्रीन’ ही गडद छटा आहे. जपानच्या ‘पायलट’ची ‘चिकु-रिन’ बांबूच्या बनासारखी पिवळसर, तर ‘शिन-र्योकु’ घनदाट अरण्यासारखी निळसर गडद आहे. पिवळसर छटा पत्रलेखनात शोभते, पण दिव्याच्या प्रकाशात फिकी दिसते. तपासणीसाठी निळसर गडद छटाच बरी.

फाउंटन पेनच्या बहुतेक हिरव्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या असतात. अनेकींत निळा व पिवळा असे दोन रंग मिसळलेले असतात. त्यांतील एक आधी उडाला की सहीची छटाच बदलते. म्हणून घरीच परीक्षा घ्यावी. आपल्या नेहमीच्या कागदावर, एकाच पेनाने, प्रत्येक शाईची एकेक ओळ लिहावी. अर्धा कागद पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवावा. दुसऱ्या कागदावर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. ओळ किती वेळात वाळते आणि कागदाच्या मागे उमटते का, हेही नोंदवावे.

आणखी दोन पथ्ये पाळावीत. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत. साका जमून पेन तुंबते. चित्रकलेची जलरोधक शाई तर पेनात मुळीच भरू नये. पुष्कळदा तिच्यात लाख असते आणि लाख कीटकांपासून मिळते. अहिंसेच्या दृष्टीनेही ही चौकशी अगत्याची आहे.

दिवाळीच्या वहीपूजनात लेखणीलाही मान असतो. त्या लेखणीने केलेली खूण पुढच्या पिढीला वाचता यावी, एवढी पारख शाई घेताना अवश्य करावी.