सुहैल उगवल्यानंतरचे वाळवंट

अरबी द्वीपकल्पाच्या आखाती किनाऱ्यावर शरद ऋतूची पहिली खूण आकाशात दिसते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २४ तारखेच्या सुमारास, पहाटे दक्षिण क्षितिजालगत एक ठळक तारा थोडा वेळ चमकतो आणि उजाडताच दिसेनासा होतो. अरब लोक त्याला सुहैल म्हणतात. मराठी वाचकांना तो अगस्त्य म्हणून ठाऊक आहे. व्याधानंतरचा हा सर्वांत तेजस्वी तारा आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. ऐन उन्हाळ्यात तो सूर्याच्या उजेडात लोपलेला असतो. भारतीय परंपरेत अगस्त्योदयाबरोबर पाऊस ओसरतो आणि नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागते. आखातात त्याच ताऱ्याने उन्हाळ्याचा जोर मोडतो असे मानतात. कोळी, खलाशी आणि खजुराचे बागायतदार या दिवसापासून दहा-दहा दिवसांचे गट मोजत वर्षाचा हिशेब ठेवत. या गणनेला ‘दुरूर’ म्हणतात.

तारा दिसला म्हणून उकाडा लगेच हटत नाही. दुबईत ऑगस्टमध्ये दुपारचे सरासरी तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर असते, सप्टेंबरमध्ये ते ३९ अंशांच्या आसपास येते. अंगाला मात्र हा फरक फारसा जाणवत नाही आणि त्याचे कारण समुद्रात आहे. इराणचे आखात जवळजवळ सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेले आणि अतिशय उथळ आहे; त्याची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. उन्हाळाभर तापून त्याचे पाणी ३४ अंशांच्या घरात जाते आणि ती उष्णता सोडायला त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर त्यावरून येणारा वारा बाष्पाने जड असतो. ८ जुलै २००३ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे दवबिंदू ३५ अंशांवर नोंदला गेला होता. माणसाच्या त्वचेचे तापमानही साधारण तेवढेच असते, त्यामुळे अशा हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद पडतो. संयुक्त अरब अमिरातीत १५ जूनपासून भर दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास बंदी असते. ती १५ सप्टेंबरला उठते. त्या तारखेलाही बांधकामावरच्या मजुरासाठी दुपार सोपी झालेली नसते.

खरा बदल ऑक्टोबरच्या रात्री घडवतात. जूनमध्ये दुबईच्या जवळजवळ डोक्यावर येणारा सूर्य सप्टेंबरच्या विषुवदिनी माध्यान्हीला क्षितिजापासून ६५ अंशांवर असतो, डिसेंबरच्या अखेरीस अवघ्या ४१ अंशांवर. पावणेचौदा तासांचा दिवस साडेदहा तासांवर येतो. कोरडी वाळू उष्णता खोलवर जाऊ देत नाही. दिवसा तिचा वरचा पातळ थरच तापतो आणि निरभ्र रात्री तो झपाट्याने निवतो. म्हणून समुद्रापासून दूर असलेल्या अल ऐन किंवा लिवा येथे पहाटेचा गारवा किनाऱ्याच्या आधी पोचतो. दिवसा समुद्रावरून आत आलेली दमट हवा अशा रात्री निवते आणि सकाळी रस्ते दाट धुक्यात बुडतात. महाराष्ट्रात याच महिन्यात ढग हटल्यामुळे ‘ऑक्टोबर हीट’ सोसावी लागते. आखातात उन्हाळाभर ढगांचे छत्र नसतेच, त्यामुळे तिथला ऑक्टोबर सुटकेचा असतो.

काश्मीरच्या चिनारासारखा लाल-पिवळा पानगळीचा देखावा इथे शोधू नये. समशीतोष्ण प्रदेशात पाने गळतात ती आखडणाऱ्या दिवसांमुळे आणि थंडीमुळे. वाळवंटात पानांचे भवितव्य पाण्यावर ठरते. औसज नावाचे काटेरी झुडूप कडक उन्हाळ्यातच पाने टाकून देते आणि पाऊस पडल्यावर पुन्हा फुटते. अमिरातीचे राष्ट्रीय झाड ‘गाफ’ मात्र बारा महिने हिरवे असते, कारण त्याची मुळे फार खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोचतात. हा गाफ म्हणजे विजयादशमीला आपण जिची पूजा करतो ती शमी.

पक्ष्यांच्या हालचाली झाडांपेक्षा अधिक बोलक्या असतात. युरोप आणि मध्य आशियातून आफ्रिकेकडे निघालेले असंख्य लहान पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आखात ओलांडतात. काजळी रंगाचा एक ससाणा, शास्त्रीय नाव फाल्को कॉन्कलर, आपली वीण या प्रवासाशी जुळवून घेतो. बहुतेक पक्षी वसंतात अंडी घालतात. हा उजाड बेटांवर भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये घालतो. त्यामुळे पिलांची भूक सर्वाधिक असते तेव्हा दमलेले स्थलांतरी पक्षी समोरून जात असतात. पिले उडू लागली की तो मादागास्करकडे निघतो. इतक्या काटेकोरपणे शरद ऋतूवर बेतलेले आयुष्य क्वचितच सापडेल.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या काळाला अरब ‘वस्म’ म्हणतात. वर्षभरात दुबईत जेमतेम ८० ते १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि या काळात पडणारा त्यातला थोडासा वाटा सर्वांत मोलाचा मानतात. तो बहुधा भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या हवेच्या झोतांबरोबर येतो, कधी अरबी समुद्रातील वादळांबरोबर. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी करणाऱ्या ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि वस्मच्या तोंडावर, ३ ऑक्टोबरला, ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळले.

वस्मच्या पावसाला मोल आहे ते त्याच्या वेळेमुळे. अनेक वाळवंटी वर्षायू वनस्पतींच्या बियांच्या कवचात अंकुरण रोखणारी द्रव्ये असतात. चार थेंबांनी ती जात नाहीत, धुऊन निघायला भरपूर पाणी लागते. शिवाय जमीन गार हवी. उन्हाळ्यातल्या अवकाळी सरीने अशा बिया जाग्या होत नाहीत. दोन्ही अटी शरदातच एकत्र पुऱ्या होतात, म्हणून इथल्या रोपट्यांचे वर्ष याच ऋतूत सुरू होते.

त्याच ओलाव्यावर ‘फगा’ पोसतो. ही जमिनीखाली वाढणारी, बटाट्याएवढी वाळवंटी बुरशी रकरूक नावाच्या छोट्या झुडपाच्या मुळांशी जोडलेली असते. बुरशीचे तंतू झुडपाला पाणी व खनिजे पुरवतात, झुडूप तिला साखर देते. ढगांच्या गडगडाटाने फगा येतो अशी वाळवंटातल्या भटक्या बदूंची जुनी समजूत आहे आणि ती निरीक्षणातून आलेली दिसते, कारण वस्मचा पाऊस बहुधा गडगडाटासहच येतो. हा पाऊस लवकर आणि पुरेसा झाला, तर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान वाळूला बारीक तडे जातात, आणि जाणकार लोक तिथे उकरून फगा काढतात. कुवेत आणि सौदी अरेबियाच्या बाजारांत त्याला मोठा भाव मिळतो. वस्म कोरडा गेला, तर नंतर कितीही पाऊस पडला तरी त्या वर्षी फारसे काही हाती लागत नाही.