वेदनेवर नादाची फुंकर

मज्जातंतूंची वेदना इतर दुखण्यांहून निराळी असते. जखम भरते, सूज उतरते, त्याबरोबर दुखणेही सरते. येथे मात्र निरोप नेणारे तंतूच बिघडलेले असल्याने मूळ कारण संपले तरी वेदनेचा निरोप मेंदूकडे जातच राहतो. नागीण बरी झाल्यावर महिनोन् महिने उरणारी आग, मधुमेहात रात्री तळपायांना येणाऱ्या मुंग्या आणि होणारा दाह, ही तिची परिचित रूपे. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावाहून तज्ज्ञ डॉक्टरांसाठी बहुधा लातूर गाठावे लागते. दोन भेटींच्या मधल्या रात्री घरीच काढायच्या असतात. तेथे नाद साहाय्यक ठरू शकतो.

ही कल्पना नवी नाही. १९६० मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य गार्डनर आणि मानसशास्त्रज्ञ लिकलायडर यांनी दातांवरील उपचारांच्या वेळी रुग्णांच्या कानांवर संगीत व धबधब्यासारखा आवाज सोडून वेदना शमते काय, हे पाहिले. पुढे १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते आणि मेंदूही ते लोटून घेऊ शकतो. मन सुखद नादात रमले, श्वास संथ झाला, की वेदनेची तीव्रता कमी भासते ती यामुळेच.

लाभ किती? २००६ मध्ये ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात शून्य ते दहा या मापावर संगीताने वेदना सरासरी अर्ध्या अंकाने उतरल्याचे दिसले. लाभ लहान आहे, पण खर्च जवळजवळ नाही. म्हणूनच ‘नादाने तंतू पुन्हा उगवतात’ असे सांगून महागडी यंत्रे विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

घरी करावयाची रीत सोपी आहे. निजण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे, शांत खोलीत, मंद आवाजात, स्वतःला आवडणारे स्तवन किंवा बासरी ऐकावी. निवड रुग्णाची असावी, घरच्यांची नव्हे. ज्यांना जमेल त्यांनी ओठ मिटून भ्रमरासारखा गुंजारव करावा. आचार्य महाप्रज्ञांच्या प्रेक्षाध्यानात महाप्राण ध्वनी म्हणून तो परिचित आहेच. त्यात उच्छ्वास आपोआप लांबतो.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नयेत. दुसरे, मधुमेहींच्या पायांची आग थांबली म्हणजे पाय बरे झाले असे समजू नये. कधी कधी संवेदनाच गेलेली असते. असा पाय गरम पाण्यात भाजला तरी कळत नाही आणि लहानशा जखमेतून पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून तळपाय रोज पाहावेत, रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी आणि शेक टाळावा.

आपल्या घरांत वहीला मान आहे. तिचा येथेही उपयोग करावा. रोज रात्री नाद ऐकण्यापूर्वी व नंतर वेदनेचा अंक आणि सकाळी झोपेचे तास लिहावेत. पंधरा दिवसांनी बेरीज पाहावी आणि वही डॉक्टरांना दाखवावी. अंक उतरला नाही, तरी झोप तासाभराने वाढली असेल, तर तीही जमेची बाजूच आहे.