रेक्झिनची गादी

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर कर्नाटक शासनाच्या 'केऑनिक्स' महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिची उभारणी आरंभिली, आर. के. बाळिगा यांची ती कल्पना. आता तेथील उंच इमारतींत मराठी बिऱ्हाडेही आहेत आणि मुलांकडे चार-सहा महिने राहावयास आलेले आमच्यासारखे आईवडीलही.

मुलाच्या गॅलरीत सिमेंटचा एक लांबट कट्टा आहे. सकाळचा चहा तेथे घ्यावा असे प्रत्येकास वाटे, परंतु त्यावर गादी टिकत नसे. बंगळुरूचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. मात्र मे महिन्यातील वळवापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तो पाठही सोडत नाही, आणि वाऱ्याबरोबर तिरपा होऊन थेट गॅलरीत शिरतो. सुती अभ्र्याची गादी एकदा भिजली की तीन-तीन दिवस ओलसर राहते. तेव्हा रेक्झिनची गादी घरीच शिवावी असे मी ठरविले.

रेक्झिन हे मूळचे इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड येथील एका कंपनीचे व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन ते कृत्रिम चामडे होत असे. आज आपण ज्यास रेक्झिन म्हणतो, त्या कापडावर बहुधा पीव्हीसीचा, म्हणजे व्हिनाइलचा, थर असतो. त्याच्याच शेजारी दुकानात पीयूचा थर दिलेले, हातास अधिक मऊ लागणारे कापडही मिळते. ते दिसते देखणे. परंतु हलक्या प्रतीचा पीयू दमट हवेत काही वर्षांतच पापुद्रे सोडू लागतो. गॅलरीसाठी म्हणून पीव्हीसीच घ्यावे. कापड आणावयास चिक्कपेटेत जाणे आता सोपे झाले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, आर. व्ही. रोड स्थानकावर गाडी बदलली की चिक्कपेट गाठता येते.

जन्मभर परकर-पोलकी, अभ्रे आणि गोधड्या शिवलेल्या हातास हे काम अवघड ते काय, असा माझा समज होता. पहिली शिवण वाकडी गेली. सवयीप्रमाणे मी ती उसवली आणि पाव इंच आत दुसरी घातली. सुती कापडात सुईचे भोक धागे सरकून बुजते. येथे ते कायमचे राहिले. शिवाय टाका बारीक ठेवला होता. परिणामी टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार झाली आणि कोणी जरा जोर देऊन बसताच कड त्या रांगेतून फाटली. त्याहून वाईट पुढेच घडले. पाऊस त्याच भोकांतून आत गेला, फोमने तो शोषून घेतला आणि पाणी बाहेर येऊ न देण्याचे काम रेक्झिनने चोख बजावले. आठवड्यात कुबट वास सुटला व फोम टाकून द्यावा लागला.

दुसऱ्या खेपेस मी आधी जुन्या चादरीची पूर्ण गादी कच्ची शिवून मापे पक्की केली. टाचण्या पेटीतच ठेवल्या. त्यांची भोकेही राहतात. त्यांऐवजी कपडे वाळत घालावयाचे चिमटे लावले. खुणा उलट्या बाजूस पेन्सिलीने केल्या, कारण बॉलपेनची शाई व्हिनाइलमध्ये मुरते. सोळा नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि इंचास सहा-सात टाके, एवढे पुरते. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटतो. वर पातळ कागद ठेवून शिवावे व मागाहून तो फाडून काढावा. कोपऱ्यावर थर वाढतात, तेथे पायाने मशीन न मारता चाक हाताने फिरवावे. इस्त्री मात्र चुकूनही लावू नये. शिवण बोटाने दाबून बसवावी; कापड थोडा वेळ उन्हात ठेवले तर ते मऊ पडते.

खरा बदल तळाशी केला. वरची बाजू आणि चारही कडा रेक्झिनच्या एका अखंड तुकड्याच्या. कोपऱ्यांच्या चार उभ्या शिवणी तेवढ्या सोडल्या तर बाकी सर्व शिवण खाली येते. तळ विरळ जाळीच्या कापडाचा, त्यालाच चेन. आत गेलेले पाणी जाळीतून निथळते आणि हवाही सुटते. बंद रेक्झिनच्या गादीवर बसले की आतली हवा कोंडून ती फुग्यासारखी टम्म होते व शिवणीवर ताण येतो. जाळीमुळे तेही टळले. फोम चाळीस डेन्सिटीचा, दोन इंच जाड घेतला. तो अभ्र्याहून लांबी-रुंदीत अर्धा इंच मोठा कापला, म्हणजे कोपरे भरून येतात. घालताना तो फुगऱ्या रेक्झिनला अडतो. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरकवावा आणि मग पिशवी ओढून घ्यावी.

ही गादी सप्टेंबरच्या पावसात बाहेरच राहिली. पाऊस थांबला की आम्ही ती कट्ट्यावर उभी करून ठेवतो, अर्ध्या दिवसात ती कोरडी होते. डोक्याचे तेल तेवढे साबणाच्या ओल्या फडक्याने वेळोवेळी पुसावे लागते. तेलाने व्हिनाइल कडक होऊन तडकते, ही गोष्ट ह्यांना पुनःपुन्हा सांगावी लागते. पहिल्या गादीची फाटलेली पट्टी मी टाकलेली नाही. नवी शिवण घालण्यापूर्वी टाका तिच्यावरच घालून पाहते. मशीनच्या खणात ती अजून आहे.