खाण तशी माती, पण कितपत?

मूल कुणावर गेलंय, याचा निकाल आपल्याकडे बारशालाच लागतो. नाक आजीचं, रंग बापाचा. तेच मूल विशीत येऊन ‘मला मुली नाही, मुलगे आवडतात’ म्हणालं, की घर हादरतं: ‘आमच्या घराण्यात असलं नव्हतं, संगतीनं बिघडला!’

हे रक्तातून येतं का? 1993 साली संशोधक डीन हेमर यांनी समलिंगी भावांच्या 40 जोड्या तपासल्या. त्यातल्या 33 जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाचा भाग सारखा निघाला आणि ‘गे जनुक’ सापडल्याचा गाजावाजा झाला. पुढे कॅनडातल्या अभ्यासात तो दुवा दिसला नाही. 2019 मध्ये सुमारे 4 लाख 77 हजार लोकांच्या डीएनएचा अभ्यास ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला. त्यात ठळक अशा फक्त 5 जागा मिळाल्या, त्यांचाही प्रभाव नगण्य. असंख्य बारीक फरकांची बेरीज केली तरी वर्तनातल्या भिन्नतेपैकी 8 ते 25 टक्केच उलगडा होतो. डीएनए पाहून कुणाचा कल सांगता येत नाही. शिवाय हे सगळे लोक युरोपीय वंशाचे होते आणि मुख्य मोजमाप होतं ते संबंधांचं, ओढीचं नव्हे.

जिंतूरच्या शेतकऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. एकाच पिशवीतली रब्बी ज्वारी काळ्या रानात डोक्याच्या वर जाते, मुरमाड माळावर कमरेलाच थांबते. उतारा ठरवणारं एकच जनुक ज्वारीतही नसतं.

मात्र इथं ‘रान’ म्हणजे संगत किंवा मोबाइल असं कुणी समजू नये. एकाच आईच्या पोटी आधी जन्मलेल्या प्रत्येक मुलग्यामागे धाकट्या भावाची समलिंगी असण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मुळात ती दोन टक्के धरली, तर एका थोरल्या भावामुळे पावणेतीनच्या आतच राहते. पण एका घरात वाढलेल्या सावत्र किंवा दत्तक थोरल्या भावांमुळे ती वाढत नाही. रोख आईच्या गर्भाकडे जातो, शेजारच्या पोरांकडे नाही.

आणि जनुक सापडलं तरच माणूस निर्दोष, ही अट मला मुळातच मान्य नाही. ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 साली र. धों. कर्वे यांच्यावर खटला चालला. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. डीएनएची रचना कळायला तेव्हा आणखी 19 वर्षं होती. कर्वे हरले, 200 रुपये दंड झाला.

आज तुमच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ‘लग्न लावलं की सुधारेल’ म्हणून घाई करू नका. त्यात दुसऱ्या घरच्या लेकराचंही आयुष्य अडकतं. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरा करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर लक्षात ठेवा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये असा उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवला आहे. त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.