मोटारगाडीची किंमत कां उतरते?



तीस वर्षें मीं मुलांना व्याजाचीं आणि शेंकडेवारीचीं उदाहरणें घातलीं. फळ्यावरचें उदाहरण चुकलें तर पुसून पुन्हां मांडतां येतें. संसारांतलें चुकलें म्हणजे पदरचे पैसे मोजावे लागतात. असेंच एक उदाहरण आज तुमच्यापुढें मांडणार आहें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें नोकरी लागल्यावर मध्यम आकाराची सेडान घेतली. म्हणजे चार मीटरांहून लांब आणि मागें सामानाची वेगळी डिकी असलेली गाडी. शोरूमची किंमत १० लक्ष रुपये. तेवढेंच कर्ज, व्याज दरसाल दरशेंकडा ९, मुदत ७ वर्षें. पेढे घेऊन आला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, घरांत मालमत्ता आली!" तीन वर्षांनीं वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठीं पैशाची निकड लागली आणि गाडी विकावयास काढावी लागली. एजंटानें सांगितलेल्या किंमतींत बँकेचें देणेंही फिटेना. "गुरुजी, गाडीला ओरखडा नाहीं, मग पैसे गेले कोठें?" त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देतों.

प्रथम विमा कंपन्यांचें कोष्टक पाहूं. गाडी चोरीस गेली किंवा पुरती मोडली, तर किती भरपाई द्यावयाची हें ठरविण्यासाठीं त्या मॉडेलच्या चालू विक्रीकिंमतींतून वयानुसार घसारा वजा करतात. सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षांत २०, तिसऱ्यांत ३०, चौथ्यांत ४० आणि पांचव्यांत ५०. त्यापुढें मालक व कंपनी यांनीं आपसांत ठरवावयाचें. हा कांहीं बाजारभाव नव्हे. बाजार याहून कमीजास्त देतो. तरी उतार कसा आहे तें यावरून कळतें. पहिल्या एकाच वर्षांत १५ जातात. मग पुढील दोन वर्षें मिळून तितकेच. शिवाय महाराष्ट्रांत १० लक्षांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर शेंकडा ११ प्रमाणें एकरकमी कर भरावा लागतो; म्हणजे येथें १ लक्ष १० हजार. गाडी विकतांना गिऱ्हाईक हे पैसे वेगळे मोजून देत नाहीं.

आतां कोणी विचारील, चार महिने वापरलेल्या गाडीचें इंजिन तर नव्यासारखेंच असतें. मग किंमत कां पडावी? याचें मार्मिक उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत दिलें. पुढें २००१ सालीं त्यास नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. त्याच्या देशांत खोड असलेल्या गाडीस 'लिंबू' म्हणतात. गाडी लिंबू आहे कीं चांगली, हें विकणारा जाणतो, घेणारा जाणत नाहीं. म्हणून घेणारा संशय धरूनच किंमत सांगतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकास परवडत नाहीं, तो गाडी घरींच ठेवतो. बाजारांत खोडीच्या गाड्यांचें प्रमाण वाढतें आणि संशय आणखी बळावतो. तात्पर्य, उतरलेल्या किंमतींत झिजेचा भाग थोडा, संशयाचा मोठा. सर्व्हिसचीं बिलें, विम्याचे कागद आणि स्वच्छ आर.सी. जपून ठेवावीं तीं एवढ्याचसाठीं. कागद हे गाडीचे साक्षीदार होत.

कांहीं कारणें मालकाच्या हातीं मुळींच नसतात. गिऱ्हाइकांचा ओढा सेडानकडून उंच एस.यू.व्ही. गाड्यांकडे वळला, हें एक. एखादें मॉडेल बंद पडतें, हें दुसरें. मारुतीची सियाझ २०१४ सालीं आली आणि २०२५ सालीं बंद झाली. असें झालें कीं पुढें सुटे भाग मिळतील कीं नाहीं, अशी धास्ती गिऱ्हाइकास वाटते. तिसरें कारण कराचें. चार मीटरांहून लांब, परंतु १५०० सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या सेडानवर पूर्वी जी.एस.टी. व उपकर मिळून शेंकडा ४५ कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. १४५ रुपयांची वस्तु १४० ला आली. नवी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भाव आपोआप खालीं येतो.

आतां विद्यार्थ्याचें गणित. त्याचा मासिक हप्ता सुमारें १६,०८९ रुपये. ३६ हप्त्यांत त्यानें ५ लक्ष ७९ हजार भरले. परंतु त्यांतले सव्वादोन लक्षांवर व्याजांत गेले आणि मुद्दल फिटलें अवघें साडेतीन लक्ष. बाकी सुमारें ६ लक्ष ४६ हजार. गाडीस चौथें वर्ष लागलेलें. नव्या गाडीची किंमत १० लक्षच धरली, तरी कोष्टकाप्रमाणें हिची किंमत ६ लक्ष. म्हणजे गाडी देऊन टाकल्यावरही ४६ हजारांचें देणें अंगावर राहतें! बँकेचा बोजा उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नांवावर चढत नाहीं, म्हणून ती रक्कम त्यानें बहिणीकडून उसनी घेऊन भरली.

हेंच उदाहरण पुन्हां मांडूं. त्यानें ३ लक्ष रोख भरून ७ लक्षांचें कर्ज ५ वर्षांच्या मुदतीनें घेतलें असतें, तर हप्ता सुमारें १४,५३१ पडता, म्हणजे कमीच. आणि तीन वर्षांनीं बाकी राहती सुमारें ३ लक्ष १८ हजार. गाडी तीच, भाव तोच. परंतु विकल्यावर २ लक्ष ८२ हजार हातीं आले असते. वडिलांच्या औषधपाण्यास ते उपयोगीं पडले असते.

म्हणून गाडी घ्यावयास निघालेल्या तरुणांना माझें सांगणें एवढेंच: गाडी जरूर घ्या, परंतु तिला मालमत्तेंत धरूं नका, खर्चांत धरा. रोख रक्कम सांठेपर्यंत थांबा. कर्जाची मुदत आंखूड ठेवा, म्हणजे कर्ज गाडीच्या किंमतीहून लवकर उतरेल. तीन-चार वर्षें वापरलेली, कागद चोख असलेली गाडी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतलीत, तर उताराचा तीव्र भाग पहिल्या मालकानें सोसलेला असतो. आणि नवीच घेतलीत, तर दहा वर्षें सांभाळून वापरा. माझा विद्यार्थी हल्लीं बसनें कामावर जातो. दुसऱ्या गाडीसाठीं दरमहा थोडी रक्कम तो बाजूला टाकतो आहे. या खेपेस हिशेब त्यानें आधीं मला दाखविला. तो बरोबर आहे.