कॉडच्या वाटेवरचा पिंजरा

पाण्याखालच्या कॅमेऱ्यात एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. हेरिंगचं आमिष बांधलेला जाळीचा पिंजरा समुद्राच्या तळाशी ठेवलेला आहे. वासामागून कॉड येतो, जाळीला तोंड लावतो, भोवती फिरतो, दारापाशी घुटमळतो आणि निघून जातो. आमिष समोर आहे, दार उघडं आहे, तरी आलेल्यांपैकी थोडेच मासे आत शिरतात. उत्तर अटलांटिकच्या काठचे संशोधक आणि मच्छीमार गेली काही दशकं या घुटमळण्याचं कारण शोधत आहेत.

आपल्या घरांत कॉड पोहोचला तो त्याच्या यकृताच्या तेलातून. कॅनडातल्या न्यूफाउंडलँडची मात्र गावंच्या गावं या माशावर उभी राहिली. बेसुमार मासेमारीने तो इतका घटला, की २ जुलै १९९२ रोजी सरकारला बंदी जाहीर करावी लागली आणि सुमारे ३०,००० माणसांची रोजीरोटी गेली. मासा किती पकडावा, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. पण तो कसा पकडावा, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे. तळावरून ओढलं जाणारं ट्रॉलचं जाळं तळ खरवडतं आणि भरपूर डिझेल खातं. गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्यात, समुद्रपक्षी आणि डॉल्फिनसारखे दिसणारे पॉरपॉइजही अडकून बुडतात. पिंजरा एका जागी स्थिर राहतो. त्यातला मासा जिवंत हाती लागतो, लहान पिल्लं जाळीच्या मोठ्या डोळ्यांतून निसटतात आणि नको असलेला जीव परत पाण्यात सोडता येतो. उणीव एकच होती: कॉड आत यायला हवा.

नॉर्वेत बर्गनच्या सागरी संशोधन संस्थेने दुमजली पिंजऱ्यावर काम केलं. दार खालच्या मजल्यावर असतं. आत आलेला कॉड सुटकेसाठी वर जायला बघतो आणि वरच्या मजल्यात अडकतो. खालच्या दाराकडे तो सहसा वळत नाही. पिंजरा दुमडता येत असल्याने छोट्या होडीतही बरेच पिंजरे मावतात.

पुढची सुधारणा एका खेकड्याने करायला लावली. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात बॅरेंट्स समुद्रात सोडलेला लाल किंग क्रॅब नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर पसरला आणि कॉडच्या पिंजऱ्यांत शिरू लागला. संशोधकांनी तरंगत्या गोळ्यांच्या मदतीने पिंजरा तळापासून जरा वर उचलला. तळावर चालणारा खेकडा खालीच राहिला आणि कॉडची पकड मात्र घटली नाही. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एका टोकाला बांधलेला असा अधांतरी पिंजरा प्रवाहाबरोबर फिरतो आणि त्याचं दार आपोआप प्रवाहाच्या उतरत्या बाजूला येतं. आमिषाचा वास वाहत जातो तोही त्याच बाजूला आणि कॉड त्या वासाच्या रेषेवरून प्रवाहाविरुद्ध पोहत येतो. कोकणात पहिल्या पावसानंतर ओहोळात बांबूचा सापळा लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. चढणीचे मासे कुठल्या अंगाने येणार, हे ओळखून तो सापळ्याचं तोंड ठरवतो.

प्रकाशाचा प्रयोगही असाच माशाची सवय ओळखून झाला. बाल्टिक समुद्रात पिंजऱ्यांत हिरवे दिवे लावल्यावर कॉडची पकड सरासरी सुमारे ८० टक्क्यांनी वाढल्याचं स्वीडिश संशोधकांना आढळलं. नॉर्वेतल्या निरीक्षणात त्यामागचं कारण दिसलं: दिव्याकडे क्रिल नावाचे कोळंबीसारखे छोटे जीव जमतात आणि त्यांना खायला कॉड येतो. म्हणजे दिवा जिवंत आमिष गोळा करतो.

स्वीडनच्या किनाऱ्यावर आणखी एक भागीदार आहे, तो म्हणजे ग्रे सील. गिलनेटमधले मासे तो ओरबाडून खातो, जाळीही फाडतो. मजबूत जाळीचा पिंजरा त्याला दाद देत नाही. मात्र सील आत शिरून बुडू नये, म्हणून दाराला अरुंद चौकट बसवावी लागते आणि ती फार अरुंद झाली तर मोठा कॉडही बाहेरच थबकतो. चौकटीचं माप ठरवताना दोघांच्या देहाचा आणि स्वभावाचा विचार करावा लागतो.

पिंजऱ्याची मर्यादाही मान्य करायला हवी. पूर्व बाल्टिकमधला कॉड इतका खालावला, की २०१९मध्ये युरोपीय संघाने त्याची मासेमारी थांबवली. तळच्या पाण्यात प्राणवायू कमी पडणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्याला कुठल्याही अवजारापाशी उपाय नाही. मासा समुद्रात उरला, तरच चांगला पिंजरा कामाचा. पण जिथे तो उरला आहे, तिथे त्याला काढण्याची ही रीत मला सर्वांत सभ्य वाटते.

वादळात दोर तुटून पिंजरा हरवला, तर तो तळाशी पडून वर्षानुवर्षं मासे मारत राहू शकतो. म्हणून जाळीचा एक भाग सुती दोऱ्याने शिवतात. खाऱ्या पाण्यात तो दोरा हळूहळू कुजतो, शिवण उसवते आणि आतल्या कॉडला बाहेर पडायला वाट मिळते.