फेरफाराची वही : कर्जरोख्यापासून गिटपर्यंत

इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस, ऐन बाजाराच्या दिवशी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, आणि एका अहोरात्रात त्या क्षोभाची धग तेथून सुमारे सात कोसांवरील केडगावास पोहोचून तेथील सावकाराच्या गंजी आणि घर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, केडगाव दौंड तालुक्यात. भीमथडी हे तालुक्याचे नाव दप्तरातून लोपले तरी तेथल्या तट्टांनी ते लोकांच्या तोंडी टिकवून ठेवले. या प्रकाराची पूर्वसूचना घोडनदीकाठच्या शिरूर तालुक्यात आदल्याच वर्षी मिळाली होती. तेथील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख या खातेदारावर हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडण्यापर्यंत मजल नेली, तेव्हा अवघ्या गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कोणी कसेना, त्यांची हजामत कोणी करीना.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातून या दंगलींचे जे चित्र उभे राहते त्यात एक गोष्ट मोठी लक्षणीय आहे. जमावाला हवे होते ते कागद : कर्जरोखे, खते, हुकूमनामे. ज्या सावकाराने ते निमूटपणे काढून दिले त्याच्या अंगाला सहसा कोणी बोट लावले नाही. ज्याने नकार दिला त्याच्या घराची धडगत राहिली नाही. अर्थशास्त्राचे अभ्यासक या प्रकरणाकडे कापसाच्या पडलेल्या भावाच्या, वाढीव साऱ्याच्या आणि व्याजाच्या दरांच्या बाजूने पाहतात, आणि ते यथार्थच आहे. परंतु प्रस्तुत लेखकास त्यात आणखी एक प्रकरण दिसते, ते नोंद ठेवण्याच्या पद्धतीचे.

ती पद्धत अशी होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने बिननोंदणीच्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या रक्षणाचा. परिणाम नेमका उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. अशा चार-पाच फेऱ्यांनंतर हाती उरे तो शेवटचा आकडा. मुळात कर्ज किती घेतले, धान्याच्या रूपाने किती फेडले, व्याजाची कोणती रक्कम कोणत्या साली मुद्दलात शिरली, याचा मागमूस त्या रोख्यावर नसे. असलाच तर तो सावकाराच्या वहीत, आणि ती वही एकट्या सावकारापाशी. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ जो कायदा झाला त्याने या व्यंगावरच बोट ठेवले : न्यायालयाने समोरच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा इतिहास त्याच्या आरंभापासून तपासावा, कुळास पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा अधिकार असावा, आणि शेतकऱ्याचा दस्त गावनिबंधकासमोर व्हावा, अशी तजवीज त्यात होती.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे सुमारे शंभर वर्षांनी हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहिला. एखादी मोठी आज्ञावली पुरी होऊन बाजूला पडत नाही. ती वर्षानुवर्षे बदलत राहते, आणि तिला हात लावणारे एक नसून अनेक असतात. व्हर्जन कंट्रोल, म्हणजे आज्ञावलीतील बदलांची नोंद ठेवण्याची पद्धत, शिकण्यापूर्वी प्रत्येक नवशिका आपल्या कामाच्या प्रती ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘खरेच अंतिम’ अशा नावांनी जपून ठेवतो; त्यातली प्रत्येक प्रत म्हणजे पालटून लिहिलेला रोखाच. बेरीज आहे, हिशेब नाही.

यावर पहिला नावाजलेला उपाय मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली बेल प्रयोगशाळेत काढला, त्याचे नाव एससीसीएस. दुसरा वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात, त्याचे नाव आरसीएस, तो १९८२ साली प्रसिद्धीस आला. टिची यांची युक्ती अशी की सर्वांत अलीकडची प्रत अखंड ठेवावी आणि मागे जाण्यासाठी फक्त भेद साठवावेत, कारण मागणी बहुधा ताज्या प्रतीचीच असते. दोहोंचीही शिस्त कुलुपाची होती : एकाने फाइल बदलावयास उचलली की ती परत येईतो इतरांनी फक्त वाचावी.

आता गावच्या चावडीतील एक वही जवळून पाहू. समजा एका गटाचा कब्जेदार मयत झाला. वारसांनी वर्दी दिल्यावर तिची दखल गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, हीत होते. मग गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हीत अनुक्रमांक पडतो. त्या क्रमांकापुढे हक्क कसा प्राप्त झाला याचे कथन, बाधित गटांचे क्रमांक आणि पुराव्याचा दाखला येतो. तलाठी चावडीवर नोटीस लावतो व हितसंबंधितांवर बजावतो, हरकतीसाठी १५ दिवस जाऊ देतो, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर अंमल येतो, आणि तो कसा, तर मयताच्या नावाला कंस होतो, त्याखाली वारसांची नावे चढतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. खोडरबराला या दप्तरात स्थान नाही. कंसातले नाव पुढेही वाचता येते, आणि ज्या क्रमांकाने ते कंसात गेले त्या क्रमांकाचा माग काढला की कारण सापडते.

व्हर्जन कंट्रोलच्या परिभाषेत हीच कमिट. कोणी बदलले, केव्हा, कशाच्या आधारे, आणि आधीची स्थिती काय होती, या चारही प्रश्नांचे उत्तर एका नोंदीत. लिहिणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, हा दंडक आज चांगल्या संघांत रिव्ह्यू या नावाने पाळला जातो. (कमिटच्या कारणाच्या जागी नुसते ‘बदल केले’ असे लिहिणारे तरुण अभियंते पुष्कळ आहेत, त्यांची एकही नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली नसती.) वकील जमिनीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात तेव्हा कब्जेदारांची साखळी उलट्या क्रमाने पाहतात, आणि अभियंता गिट या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत ‘गिट लॉग’ किंवा ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा देतो तेव्हा तोही तेच करीत असतो.

डिक ग्रून यांनी आम्स्टरडॅम येथे १९८६ साली सुरू केलेल्या सीव्हीएसने कुलूप काढले. अनेकांनी एकाच वेळी काम करावे व नंतर जुळवणी करावी, ही त्याची रीत. मात्र त्यात प्रत्येक फाइलचा इतिहास स्वतंत्र होता. फाइलचे नाव बदलले की जुना इतिहास जुन्या नावाखाली राही आणि नव्या नावाची पाटी कोरी दिसे. ज्यांनी आपल्या पुणे जिल्ह्यात जमिनीचा शोध घेतला आहे त्यांना ही अडचण सांगावी लागणार नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार गावोगावी योजना लागू झाल्या, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आज गटाचा सातबारा मागितला तर तो योजनेपर्यंत नेऊन सोडतो. त्यापलीकडे जावयाचे तर जुना सर्व्हे नंबर शोधून त्या नावाने अभिलेख कक्षात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. २००० साली कोलॅबनेटने हाती घेतलेल्या आणि २००४ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या सबव्हर्जनने हा दोष काढला, आणि अनेक फाइलींतला एक बदल एकाच क्रमांकाखाली एकतर पुरा नोंदला जाईल किंवा मुळीच नोंदला जाणार नाही, अशी व्यवस्था केली. फेरफाराच्या वहीत ही सोय पूर्वापार आहे. एका वाटपाने सात गट बाधित झाले तरी क्रमांक एकच.

तथापि सबव्हर्जनमध्ये इतिहास राहतो तो मध्यवर्ती यंत्रावर. काम करणाऱ्याच्या हाती फक्त चालू प्रत येते, जशी खातेदाराच्या हाती सातबाऱ्याची नक्कल येते आणि वही चावडीत राहते.

२००५ च्या एप्रिलमध्ये हे चित्र पालटले. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून बिटकीपर या खाजगी प्रणालीवर चालले होते; तिची फुकट वापराची परवानगी मालकांनी काढून घेतली, आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांनी काही दिवसांतच गिटचा सांगाडा उभा केला. त्याच महिन्यात ऑलिव्हिया मॅकॉल यांचे मर्क्युरियल निघाले; शिकावयास ते गिटपेक्षा सुलभ असे माझे मत आहे, पण व्यवहारात ते मागे पडले. दोहोंचे तत्त्व एक : प्रत्येकाने अवघी वही, पहिल्या पानापासून, घरी न्यावी. शिवाय गिटमध्ये प्रत्येक कमिटवर ४० अक्षरांची खूण पडते, आणि ती त्या नोंदीचा मजकूर, कर्ता, वेळ, कारण यांबरोबरच मागील नोंदीच्या खुणेवरून काढलेली असते. सबब जुन्या पानावरचा एक आकडा बदलला तर त्यापुढील सर्व पानांच्या खुणा बदलतात, आणि ज्याच्यापाशी प्रत आहे त्याला लबाडी ताबडतोब उमगते.

सुप्याच्या बाजारात रोखे जाळल्याने कर्ज खरोखरच पुसले जाण्याचा संभव होता, तो प्रत एकच होती म्हणून. आणि सावकाराला व्याज वाटेल तसे चढवता येत होते तेही प्रत एकच होती म्हणून. एकाच व्यंगाने दोघांना हात दिला.

मग जमिनीचे दप्तर गिटवर चढवावे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. खूण एवढेच सांगते की नोंद लिहिल्यानंतर कोणी बदलली नाही. नोंद खरी होती की नाही हे ती सांगत नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्या स्वाक्षरीचे सामर्थ्यही तेवढेच. खोट्या वारसाची नोंद गिट निष्ठेने जतन करील. तिला आडवी येते ती चावडीवरची नोटीस आणि शेजाऱ्याची हरकत. दुसरे असे की आज्ञावलीवर दोन गटांचे पटले नाही तर ते दोन शाखा करून आपापल्या वाटेने जाऊ शकतात आणि दोन्ही आज्ञावल्या चालतात. गट नंबराच्या बाबतीत अशी सोय नाही, कारण जमीन एकच आहे आणि नांगर एकाचाच चालणार आहे. म्हणून हरकत आली की नोंद गाव नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, हीत जाते, आणि १९६६ च्या महसूल संहितेनुसार अव्वल कारकुनाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने ती शक्यतो एका वर्षात निकालात काढावयाची असते. ‘शक्यतो’ या शब्दाचा विस्तार किती होतो ते तहसील कचेरीच्या ओसरीवर बसलेल्यांना विचारावे.

गंमत अशी की गिट वापरणारेही शेवटी चावडीकडेच वळले आहेत. प्रत्येकापाशी पूर्ण इतिहास असूनही संघ एक ठिकाण प्रमाण मानतो, बहुधा २००८ साली निघालेल्या गिटहबवर किंवा तत्सम यंत्रावर, आणि तेथील मुख्य शाखेत काही मिळवावयाचे तर दुसऱ्याची संमती लागते. निर्णयाची जागा एक आणि इतिहासाच्या प्रती अनेक, ही जी जोड गिटने सहजगत्या साधली ती महसूल खात्यास अद्याप पुरती साधलेली नाही; चावडीची जागा हलवू नये, पण फेरफाराची वही आरंभापासून प्रत्येक खातेदाराच्या घरी असावी, असे मला वाटते.

दौंडहून डेमूने किंवा शिरूरहून नगर रस्त्याने पुण्याच्या कंपन्यांत जाणाऱ्या ज्या मुलामुलींना गिट नव्याने शिकावयाचे आहे त्यांनी शिकण्याचा क्रम ठरवताना महसूल संहितेचे कलम १५५ ध्यानात घ्यावे. लेखनप्रमादाची दुरुस्ती त्या कलमाखाली होते, पण ती करण्यासाठी आदेश लागतो आणि त्या आदेशाचाही फेरफार पडतो. जुनी चूक, दुरुस्ती आणि आदेश तिन्ही दप्तरात राहतात. गिटमधील ‘रिव्हर्ट’ हुबेहूब असेच वागते : चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्या उलट नोंद पुढे लिहिते. ‘रिबेस’ मात्र जुनी पाने काढून त्यांच्या जागी नवी लिहिते. आपल्याच यंत्रावरच्या, अजून कोणी न पाहिलेल्या मसुद्यास ते शोभते, नव्हे, नीटनेटक्या मांडणीसाठी ते उपयुक्तही आहे. पण जी शाखा दुसऱ्याने आपल्या यंत्रावर नेली आहे तीवर ते केले की त्याच्या आणि आपल्या वहीचे क्रमांक जुळेनासे होतात, आणि मग दोन्ही वह्या समोर ठेवून नोंदी एकेक करून ताडून पाहण्यात अख्खी दुपार जाते.